भारतीय परराष्ट्रसेवा

भारतीय परराष्ट्रसेवा : परदेशांत भारताचे राजनैतिक, वाणिज्यविषयक व व्यापारी प्रतिनिधित्व करणारी आणि नवी दिल्ली येथील परराष्ट्रव्यवहार मंत्रालयाचा कारभार पाहणारी केंद्रीय सनदी सेवा. परराष्ट्रीय धोरण ठरविण्याचा अधिकार मंत्रिमंडळाचा व अंतिमतः संसदेला जबाबदार असलेल्या राजकीय नेतृत्वाचा असतो. त्या धोरणासाठी लागणारी माहिती मिळविणे, पर्याय सुचविणे, वाटाघाटी करणे आणि घेतलेले निर्णय अंमलात आणणे हे या सेवेचे काम होय. राजनयज्ञ कसा निवडला जातो, कसा घडतो व कोणत्या पायऱ्यांनी वर चढतो, यावर राष्ट्राला मिळणाऱ्या सल्ल्याचा दर्जा पुष्कळ अंशी अवलंबून असतो. म्हणून परराष्ट्रसेवेच्या रचनेचा प्रश्न केवळ नोकरशाहीचा अंतर्गत प्रश्न राहत नाही.

पूर्वपीठिका : ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालक मंडळाने १३ सप्टेंबर १७८३ रोजी संमत केलेल्या ठरावानुसार वॉरन हेस्टिंग्जच्या प्रशासनाला गुप्त व राजकीय कामकाजात साहाय्य करण्यासाठी कलकत्त्याच्या फोर्ट विल्यममध्ये एक स्वतंत्र विभाग स्थापन झाला. या विभागाचा संबंध मुख्यत्वे देशी सत्तांशी असे. पुणे, हैदराबाद, ग्वाल्हेर, नागपूर इ. दरबारांतील कंपनीचे रेसिडेंट आपली वृत्ते याच यंत्रणेकडे पाठवीत. गव्हर्नर जनरल लॉर्ड एलेनबरो याने १८४३ मध्ये सचिवालयाची पुनर्रचना केली, तेव्हा परराष्ट्र, गृह, अर्थ व लष्कर असे चार विभाग अस्तित्वात आले. १९३७ मध्ये संस्थानांचे कामकाज व परराष्ट्रीय कामकाज यांची फारकत करण्यात आली. दोहोंसाठी अधिकारी पुरविणारी सेवा मात्र एकच होती. ती म्हणजे भारतीय सनदी सेवा (आय. सी. एस.) व सैन्य यांतून निवडलेल्या अधिकाऱ्यांची ‘इंडियन पोलिटिकल सर्व्हिस’ होय. तीत भारतीयांना अत्यंत अल्प प्रवेश होता. के. पी. एस. मेनन यांसारखे मोजके भारतीयच तेथवर पोहोचू शकले.

स्वतंत्र परराष्ट्रीय धोरण नसलेल्या त्या काळातही परदेशस्थ भारतीयांच्या हितरक्षणाच्या निमित्ताने काही प्रतिनिधी नेमले गेले. व्ही. एस. श्रीनिवास शास्त्री हे १९२७ ते १९२९ या काळात दक्षिण आफ्रिकेत हिंदुस्थान सरकारचे एजंट होते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात वॉशिंग्टन व चुंगकिंग येथे एजंट जनरलची पदे निर्माण झाली आणि त्यांवर अनुक्रमे गिरिजा शंकर बाजपेयी व (१९४३ पासून) के. पी. एस. मेनन यांनी काम केले. स्वातंत्र्यानंतरच्या परराष्ट्र खात्याचे आद्य शिल्पकार याच अनुभवातून पुढे आले.

स्थापना : हंगामी सरकार २ सप्टेंबर १९४६ रोजी अधिकारावर आले आणि परराष्ट्रव्यवहार खाते जवाहरलाल नेहरू यांनी स्वतःकडे घेतले. ९ ऑक्टोबर १९४६ रोजी परराष्ट्रसेवा निर्माण करण्याचा निर्णय झाला. म्हणून हा दिवस ‘परराष्ट्रसेवा दिन’ म्हणून पाळला जातो. सेवा उभारण्यासाठी अनुभवी माणसे हाताशी नव्हती. त्यामुळे प्रारंभीची भरती आय. सी. एस. व सैन्यातील अधिकारी, संस्थानिक घराण्यांतील सुशिक्षित तरुण, प्राध्यापक, वकील आणि स्वातंत्र्यलढ्यातील कार्यकर्ते अशा विविध क्षेत्रांतून करण्यात आली. बाजपेयी हे मंत्रालयाचे पहिले महासचिव (१९४७–५२) आणि मेनन हे पहिले परराष्ट्र सचिव (१९४८–५२) झाले. संघ लोकसेवा आयोगाच्या एकत्रित स्पर्धापरीक्षेद्वारा निवडलेली पहिली तुकडी १९४८ मध्ये सेवेत आली आणि तेव्हापासून सेवेची नियमित वाढ सुरू झाली. मदतनीस स्वरूपाच्या कामकाजासाठी १९५६ मध्ये ‘परराष्ट्रसेवा शाखा ब’ स्वतंत्रपणे संघटित करण्यात आली. तीतील अधिकाऱ्यांना बढतीने मुख्य सेवेत येता येते.

भरती व प्रशिक्षण : उमेदवाराची निवड सनदी सेवा परीक्षेतील गुणवत्तेनुसार व त्याने दर्शविलेल्या पसंतीनुसार होते. १९७९ पासून या परीक्षेला पूर्व व मुख्य असे दोन टप्पे आहेत. प्रारंभीच्या दशकांत गुणवत्तायादीतील अग्रक्रमाचे उमेदवार बहुधा परराष्ट्रसेवेचीच निवड करीत. पुढे देशांतर्गत प्रशासनाचे आकर्षण वाढले आणि परदेशवासाचे अप्रूप कमी झाले, तसा हा कल बदलला.

निवड झालेले परिवीक्षाधीन अधिकारी प्रथम मसुरीच्या राष्ट्रीय प्रशासन अकादमीत इतर सेवांच्या अधिकाऱ्यांबरोबर पायाभूत शिक्षण घेतात. त्यानंतरचे खास प्रशिक्षण नवी दिल्लीच्या परराष्ट्रसेवा संस्थेत होते. ही संस्था १९८६ मध्ये स्थापन झाली आणि २०२० मध्ये तिला सुषमा स्वराज यांचे नाव देण्यात आले. आंतरराष्ट्रीय संबंध, आंतरराष्ट्रीय कायदा, व्यापार, शिष्टाचार, वाटाघाटींचे तंत्र हे विषय तेथे शिकविले जातात. सैन्यदलांच्या तळांना व विविध राज्यांना भेटी हाही अभ्यासक्रमाचा भाग असतो. ज्या देशाचे प्रतिनिधित्व करावयाचे, तो देश आधी पाहिला पाहिजे, हे त्यामागील सूत्र होय.

प्रशिक्षणाचा सर्वांत दूरगामी परिणाम करणारा भाग म्हणजे भाषेची निवड. प्रत्येक अधिकाऱ्याला अरबी, चिनी, जपानी, रशियन, फार्सी, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश अशांपैकी एक परकीय भाषा नेमून दिली जाते. ती बोलली जाते अशा देशातील वकिलातीत त्याला तृतीय सचिव म्हणून पाठविले जाते आणि भाषेची परीक्षा उत्तीर्ण झाल्यावरच तो सेवेत कायम होतो. वयाच्या पंचविशीत वाट्यास आलेली ही भाषा पुष्कळदा पुढील तीस वर्षांच्या सेवेची दिशा ठरविते. चिनी भाषा शिकलेला अधिकारी बीजिंगला द्वितीय सचिव, पुढे समुपदेशक आणि अखेर राजदूत म्हणून परततो, अशी उदाहरणे अनेक आहेत.

श्रेणी व बदल्या : वकिलातीतील चढता क्रम तृतीय सचिव, द्वितीय सचिव, प्रथम सचिव, समुपदेशक, मंत्री (हे राजनैतिक पद असून त्याचा मंत्रिमंडळाशी संबंध नाही) आणि राजदूत असा आहे. राष्ट्रकुलातील देशांत राजदूतास उच्चायुक्त म्हणतात. संयुक्त राष्ट्रांसारख्या संघटनांत त्याच दर्जाच्या अधिकाऱ्यास स्थायी प्रतिनिधी ही संज्ञा आहे. वाणिज्य दूतावासांत उपवाणिज्यदूत, वाणिज्यदूत व महावाणिज्यदूत अशी पदे असतात. मंत्रालयात याच अधिकाऱ्यांना अवर सचिव, उपसचिव, संचालक, सहसचिव, अतिरिक्त सचिव व सचिव या नात्यांनी काम करावे लागते. सेवेचे प्रमुखपद परराष्ट्र सचिवाकडे असते.

मंत्रालयातील सहसचिव हा सर्वसाधारणपणे एखाद्या प्रादेशिक वा विषयवार विभागाचा प्रमुख असतो आणि धोरणाचे पहिले मसुदे बहुधा त्याच्याच मेजावर तयार होतात. वकिलातीतील एका नेमणुकीचा काळ सामान्यतः तीन वर्षांचा असतो. दोन परदेशी नेमणुकांनंतर अधिकारी बहुधा स्वदेशी परततो. ठिकाणांचे राहणीमान, हवामान व सुरक्षितता यांनुसार वर्गीकरण केलेले असून सुखाच्या ठिकाणानंतर कष्टाचे ठिकाण असा समतोल साधण्याचा प्रयत्न केला जातो. तरीही दर तीन वर्षांनी मुलांची शाळा बदलणे, पतिपत्नींपैकी एकाला स्वतःचा व्यवसाय सोडावा लागणे आणि वृद्ध मातापित्यांपासून दूर राहणे ही या सेवेची किंमत होय.

राजदूताच्या नेमणुकीस यजमान राष्ट्राची पूर्वसंमती आवश्यक असते. संमतीनंतर तो राष्ट्रपतींनी दिलेली अधिकारपत्रे तेथील राष्ट्रप्रमुखास सादर करतो. त्याचे विशेषाधिकार व संरक्षण १९६१ च्या व्हिएन्ना संकेतानुसार ठरतात. त्याच संकेतान्वये यजमान राष्ट्र कारण न देता एखाद्या राजनयज्ञास अवांछित व्यक्ती ठरवून परत पाठवू शकते.

सेवेबाहेरील राजदूत : राजदूतपदे केवळ सेवेतील अधिकाऱ्यांसाठी राखीव नाहीत. स्वातंत्र्योत्तर काळात वॉशिंग्टनला असफ अली, लंडनला व्ही. के. कृष्ण मेनन, मॉस्कोला विजयालक्ष्मी पंडित व त्यांच्यानंतर सर्वपल्ली राधाकृष्णन् आणि चीनमध्ये के. एम. पणिक्कर अशा नेमणुका झाल्या. विजयालक्ष्मी पंडित १९५३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेच्या पहिल्या महिला अध्यक्षा झाल्या आणि पुढे महाराष्ट्राच्या राज्यपाल (१९६२–६४) होत्या. मुंबई राज्याचे माजी मुख्यमंत्री बाळ गंगाधर खेर हे १९५२ ते १९५४ या काळात लंडनमध्ये उच्चायुक्त होते. मुंबई उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छगला यांनी वॉशिंग्टन व लंडन येथे काम केले आणि ते १९६६–६७ मध्ये परराष्ट्रमंत्री होते. जनता पक्षाच्या राजवटीत (१९७७–७९) नानी पालखीवाला अमेरिकेत, तर समाजवादी नेते ना. ग. गोरे इंग्लंडमध्ये प्रतिनिधी होते.

अशा नेमणुकांच्या बाजूने असे म्हटले जाते, की पंतप्रधानांचा व्यक्तिगत विश्वास असलेल्या व्यक्तीचे यजमान राजधानीत अधिक वजन पडते. उलटपक्षी, अनुभवहीन व्यक्तीमुळे वकिलातीचे दैनंदिन काम दुय्यम अधिकाऱ्यांवर पडते आणि सेवेतील ज्येष्ठांची संधी हुकते. अमेरिकेत राजदूतांपैकी साधारणपणे तीस टक्के राजकीय स्वरूपाच्या नेमणुकांचे असतात. भारतात हे प्रमाण पुष्कळच कमी असून बहुसंख्य वकिलाती सेवेतील अधिकाऱ्यांकडेच आहेत.

स्त्रिया व परराष्ट्रसेवा : परीक्षेद्वारा सेवेत आलेल्या पहिल्या महिला चो. बे. मुथम्मा (१९२४–२००९) या होत. त्या १९४९ मध्ये रुजू झाल्या. विवाह केल्यास राजीनामा देऊ, असे त्यांच्याकडून लिहून घेण्यात आले होते. १९६१ च्या सेवानियमांनी हीच दृष्टी कायम केली. त्यांनुसार स्त्री-अधिकाऱ्यास विवाहापूर्वी शासनाची लेखी परवानगी घ्यावी लागे, विवाहानंतर कौटुंबिक जबाबदाऱ्या कामाच्या आड येतात असे शासनास वाटल्यास तिला राजीनामा देण्यास सांगता येई आणि विवाहित स्त्रीला नेमणुकीचा हक्क नव्हता. पुरुष अधिकाऱ्यांना असे कोणतेही बंधन नव्हते. १९७० मध्ये हंगेरीत नेमणूक झालेल्या मुथम्मा या सेवेतून राजदूतपदी पोहोचलेल्या पहिल्या भारतीय महिला ठरल्या. तथापि वरिष्ठ श्रेणीतील बढती नाकारली गेल्यावर त्यांनी सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. सुनावणीपर्यंत शासनाने त्यांना बढती दिली होती. त्यामुळे न्यायमूर्ती व्ही. आर. कृष्ण अय्यर यांच्या पीठाने १९७९ मध्ये अर्ज निकालात काढला. पण ज्येष्ठतेचा फेरविचार करण्याचा आदेश देताना त्याने या नियमांतील लिंगभेदावर कठोर टीका केली. नेमणुकीविषयीचा नियम १९७३ मध्येच वगळण्यात आला होता आणि विवाहाच्या परवानगीचा नियमही रद्द केला जात असल्याचे शासनाने न्यायालयास सांगितले.

हा निकाल केवळ एका अधिकाऱ्याच्या बढतीपुरता नव्हता. घटनेने दिलेली समानता शासनाच्या स्वतःच्या सेवेत तीस वर्षांनंतरही उतरलेली नव्हती, हे त्याने दाखवून दिले. परराष्ट्र सचिवपदी महिला येण्यास मात्र आणखी दोन दशके लागली. चोकिला अय्यर (२००१–०२) या पहिल्या होत. त्यांच्यानंतर निरुपमा राव (२००९–११) व सुजाता सिंह (२०१३–१५) यांनी ते पद भूषविले.

धोरणनिर्मितीतील स्थान : सल्ला देणारा अधिकारी व निर्णय घेणारा मंत्री यांचे नाते परराष्ट्रसेवेच्या इतिहासात वारंवार कसोटीस लागले आहे. ऑक्टोबर १९५० मध्ये चीनचे पंतप्रधान चौ एन-लाय यांनी पणिक्करांना मध्यरात्री बोलावून, अमेरिकी सैन्याने ३८ अंश अक्षवृत्त ओलांडल्यास चीन कोरियाच्या युद्धात उतरेल, असे सांगितले. भारताने हा इशारा पाश्चात्त्य राष्ट्रांना कळविला. त्याकडे दुर्लक्ष झाले आणि तो लवकरच खरा ठरला. राजदूताच्या वार्तांकनाचे मूल्य यातून दिसते.

तेच पणिक्कर सीमाप्रश्नी वेगळ्या वादात सापडतात. तिबेटविषयक वाटाघाटींत भारताने सीमेचा प्रश्न स्वतःहून काढू नये, असे त्यांचे मत होते. सेवानिवृत्तीनंतर मुंबईचे राज्यपाल झालेल्या बाजपेयींनी १९५२ मध्ये याच्या उलट, मॅकमहोन रेषेचा प्रश्न स्पष्टपणे मांडावा, असे मत कळविले. नेहरूंनी पणिक्करांचा मार्ग स्वीकारला. २९ एप्रिल १९५४ च्या भारत-चीन करारात सीमेचा उल्लेख झाला नाही आणि आठ वर्षांनी उभय देशांत युद्ध झाले. प्रश्न त्याच वेळी काढला असता तर युद्ध टळले असते, असे यावरून सिद्ध होत नाही. परंतु भिन्न मते नेतृत्वापर्यंत पोहोचणे व त्यांची छाननी होणे ही किती महत्त्वाची गोष्ट आहे, हे त्यातून स्पष्ट होते. १९४७ पासून १९६४ पर्यंत परराष्ट्र खाते पंतप्रधानांकडेच असल्यामुळे अशा छाननीला संस्थात्मक रूप येण्यास विलंब लागला.

अधिकाऱ्याच्या पदाची अनिश्चितताही काही प्रसंगी उघड झाली. जानेवारी १९८७ मध्ये नवा परराष्ट्र सचिव लवकरच येईल, असे पंतप्रधान राजीव गांधी यांनी वार्ताहर परिषदेत सांगितले. त्या पदावरील ए. पी. वेंकटेश्वरन् यांनी त्याच दिवशी राजीनामा दिला. १९९८ मध्ये राष्ट्रीय सुरक्षा सल्लागाराचे पद निर्माण झाल्यानंतर धोरणाचे एक केंद्र पंतप्रधानांच्या कार्यालयात स्थिरावले. पहिले सल्लागार ब्रजेश मिश्र आणि पुढील जे. एन. दीक्षित व शिवशंकर मेनन हे तिघेही परराष्ट्रसेवेतीलच होते.

सेवेतून राजकारणाकडे वळलेल्यांची परंपराही लक्षणीय आहे. के. आर. नारायणन् १९४९ मध्ये सेवेत आले. थायलंड, तुर्कस्तान, चीन व अमेरिका येथे त्यांनी राजदूत म्हणून काम केले, १९८४ मध्ये ते लोकसभेवर निवडून आले आणि १९९७ ते २००२ या काळात राष्ट्रपती होते. के. नटवर सिंह यांनी १९८४ मध्ये सेवेचा राजीनामा दिला व ते २००४–०५ मध्ये परराष्ट्रमंत्री होते. हमीद अन्सारी उपराष्ट्रपती (२००७–१७) व मीरा कुमार लोकसभेच्या अध्यक्षा (२००९–१४) झाल्या. सुब्रह्मण्यम् जयशंकर हे १९७७ च्या तुकडीतील अधिकारी. चीन व अमेरिका येथील राजदूतपदांनंतर ते परराष्ट्र सचिव (२०१५–१८) झाले आणि मे २०१९ मध्ये परराष्ट्रमंत्री. परराष्ट्र सचिवपद भूषविलेली व्यक्ती मंत्री होण्याचा हा पहिलाच प्रसंग होय. राजकारणातून आलेल्या परराष्ट्रमंत्र्यांपैकी अटलबिहारी वाजपेयी, पी. व्ही. नरसिंह राव व इंद्रकुमार गुजराल हे पुढे पंतप्रधान झाले. गुजराल त्यापूर्वी (१९७६–८०) मॉस्को येथे राजदूतही होते.

महाराष्ट्र व परराष्ट्रसेवा : औंध संस्थानाचे अप्पासाहेब पंत (१९१२–९२) हे पहिल्या पिढीतील वैशिष्ट्यपूर्ण राजनयज्ञ. औंधात म. गांधींच्या मार्गदर्शनाने झालेल्या ग्रामराज्याच्या प्रयोगातून ते आले होते. १९४८ मध्ये नैरोबी येथे आयुक्त म्हणून गेल्यावर त्यांनी केनियातील भारतीय व आफ्रिकी समाजांत सामंजस्य वाढविले. आफ्रिकी राष्ट्रवाद्यांशी असलेल्या त्यांच्या जवळिकीमुळे ब्रिटिश वसाहत सरकार नाराज झाले आणि १९५४ मध्ये त्यांना तेथून परतावे लागले. पुढे सिक्कीम, इंडोनेशिया, नॉर्वे, ईजिप्त, इंग्लंड व इटली येथे त्यांनी काम केले. राम साठे (१९७९–८२) व विजय गोखले (२०१८–२०) या परराष्ट्र सचिवांनी त्यापूर्वी चीनमध्ये राजदूतपद सांभाळले होते. यशवंतराव चव्हाण परराष्ट्रमंत्री असताना (१९७४–७७) भारत व चीन यांनी पंधरा वर्षांनंतर पुन्हा राजदूतांची देवघेव केली. त्या वेळी नारायणन् यांची बीजिंगला नियुक्ती झाली.

सेवेतील धोक्याची आठवण पुणेकरांना म्हात्रे पुलामुळे राहिली आहे. बर्मिंगहॅम येथील भारतीय कार्यालयातील रवींद्र म्हात्रे यांचे काश्मीरमधील फुटीरतावाद्यांनी फेब्रुवारी १९८४ मध्ये अपहरण करून त्यांची हत्या केली. मुठा नदीवरील या पुलास त्यांचे नाव देण्यात आले. ७ जुलै २००८ रोजी काबूलच्या वकिलातीवरील हल्ल्यात समुपदेशक व्ही. वेंकटेश्वर राव मृत्युमुखी पडले. संकटकाळी देशबांधवांना परत आणण्याचे कामही वकिलातींवरच येते. १९९० मध्ये इराकने कुवेत व्यापल्यावर एक लाख सत्तर हजारांहून अधिक भारतीयांना स्वदेशी आणण्यात आले. येमेन (२०१५) व युक्रेन (२०२२) येथूनही अशाच मोहिमा पार पडल्या.

मूल्यमापन : एन. आर. पिल्लै यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९६६ मध्ये सादर केलेल्या अहवालात सेवेच्या संघटनेचा सर्वांगीण विचार केला होता. तिच्यापुढील अनेक प्रश्न आजही कायम आहेत. पहिला प्रश्न संख्याबळाचा. दोनशेच्या आसपास वकिलाती व वाणिज्य दूतावास आणि मंत्रालय यांचा भार मुख्य सेवेतील सु. एक हजार अधिकाऱ्यांवर आहे. देशाच्या आकारमानाच्या व महत्त्वाकांक्षेच्या मानाने ही संख्या तोकडी असल्याचे संसदीय समित्यांनीही दाखवून दिले आहे. दुसरा प्रश्न विशेषज्ञतेचा. व्यापार, अणुऊर्जा, हवामानबदल, सायबर सुरक्षा अशा विषयांतील वाटाघाटी सर्वसाधारण शिक्षणाच्या अधिकाऱ्याला उत्तरोत्तर कठीण होत आहेत आणि तीन वर्षांच्या बदल्यांमुळे संचित ज्ञान विखुरले जाते. बाहेरील तज्ञांना सामावून घेण्याचे प्रयत्न झाले, पण ते मर्यादित राहिले. तिसरा प्रश्न सल्ल्याच्या स्वातंत्र्याचा. राष्ट्रप्रमुखांमधील थेट संभाषण व तत्काळ संदेशवहन यांमुळे राजदूत आता पूर्वीसारखा एकमेव दुवा राहिलेला नाही. म्हणूनच राजधानीला रुचणार नाही असे सत्य स्पष्टपणे कळविण्याचे त्याचे कर्तव्य अधिकच महत्त्वाचे ठरते. चांगली परराष्ट्रसेवा धोरणाची जागा घेऊ शकत नाही. परंतु तिच्या अभावी उत्तम धोरणही कागदावरच राहते.